मदत हवी आहे: इग्नूच्या पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंगसाठी कोल्हापुरात प्रॅक्टिकलची जागा आणि प्रिसेप्टर (वॉर्डात शिकवून सही करणारी व्यक्ती)

गवतीचहा
नमस्कार मंडळी. जी.एन.एम. (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेली आहे, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी वैध आहे. राजारामपुरीतल्या एका छोट्या खासगी हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स आहे आणि सोबत इग्नूचं पोस्ट बेसिक सुरू आहे. पुस्तकांचं काही अडत नाही, अडतंय ते प्रॅक्टिकलला. स्टडी सेंटरचे कॉन्टॅक्ट सेशन होतात, पण कामाच्या ठिकाणी करायच्या अॅक्टिव्हिटीज आमच्याकडे पूर्ण होणं शक्य नाही, कारण इथे ना लेबर रूम आहे ना मुलांचा वॉर्ड. सीपीआर रुग्णालयात परवानगी कोण देतं? लॉगबुकवर (प्रॅक्टिकलच्या नोंदवहीवर) कुणाची सही चालते? कम्युनिटी हेल्थच्या प्रॅक्टिकलसाठी एखादं आरोग्य केंद्र मिळेल का? सगळं ड्यूटी सांभाळून करायचं आहे.

लाईनबाजार
ताई, जागा शोधायच्या आधी ती कुणाच्या ताब्यात आहे ते बघा. कोल्हापुरात निम्मे अर्ज चुकीच्या टेबलावर जाऊन अडकतात.

सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, राजर्षी शाहू शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे. तिथे अर्ज अधिष्ठात्यांच्या (डीनच्या) नावे करायचा आणि प्रत अधिसेविकांना (मेट्रनना) द्यायची. लोक सवयीने 'सिव्हिल' म्हणतात आणि जिल्हा शल्यचिकित्सकांच्या नावे अर्ज टाकतात. जिल्हा शल्यचिकित्सकांकडे कसबा बावड्याचं सेवा रुग्णालय, गडहिंग्लजसारखी उपजिल्हा रुग्णालयं आणि तालुक्यांची ग्रामीण रुग्णालयं येतात. सावित्रीबाई फुले आणि पंचगंगा ही रुग्णालयं महापालिकेची, त्यामुळे अर्ज पालिकेच्या आरोग्य विभागाकडे. प्राथमिक आरोग्य केंद्रं जिल्हा परिषदेची, म्हणून नागाळा पार्कात जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे.

पत्र तुमच्या नावाने जाऊन उपयोग नाही. स्टडी सेंटरच्या प्रोग्राम इन-चार्जकडून त्यांच्या लेटरहेडवर घ्या. मजकूर साधारण असा असावा: 'सदर विद्यार्थिनी सेवेतील नोंदणीकृत परिचारिका असून तिला प्रसूती कक्षात अमुक ते अमुक तारखेदरम्यान, दुपारी २ ते ८ या वेळेत, एकूण अमुक तास प्रात्यक्षिक अनुभवासाठी परवानगी मिळावी. रुग्णालयावर कोणताही आर्थिक भार पडणार नाही.' शेवटचं वाक्य गाळू नका, ते नसलं की फाईल अकाउंट्सकडे फिरून येते. आणि 'सर्व विभागांत' असं मोघम कधीच लिहू नका. विभाग, तारखा आणि तास स्पष्ट असले की अधिसेविकांना नुसतं हो किंवा नाही म्हणायचं उरतं.

सोबत कौन्सिलच्या नोंदणीची प्रत, इग्नूचं ओळखपत्र आणि सध्याच्या हॉस्पिटलचं ना-हरकत पत्र जोडा. अर्ज आवक विभागात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व आवक क्रमांकासह पोच घ्या. क्रमांक नसेल तर पुढच्या वेळी तुम्हाला 'अर्ज मिळालाच नाही' असं ऐकावं लागेल.

गवतीचहा
खूप धन्यवाद दादा. सीपीआरला आधीच जी.एन.एम. आणि बी.एस्सी.च्या मुलींची गर्दी असते म्हणतात. मग लेबर रूम मिळणार कशी?

लाईनबाजार
सकाळी नाहीच मिळणार. कॉलेजांचे रोटेशन वर्षाच्या सुरुवातीलाच ठरून जातात आणि सकाळच्या पाळीत एका टेबलाभोवती पाच-सहा जणी उभ्या असतात. दुपारची किंवा रात्रीची पाळी मागा. नाहीतर सरळ ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय धरा. तिथे प्रसूती कमी असतात, पण हात लावायला मिळतो. हाय-रिस्क केस मात्र पुढे रेफर होतात, त्यामुळे एक्लाम्प्सिया (गरोदरपणात येणारे झटके), पीपीएच (प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव) अशा केसेस बघायला थोडे दिवस तरी सीपीआर ठेवाच. गणपती-नवरात्राच्या आसपासच्या तारखा टाळा. स्टाफ रजेवर असतो आणि वॉर्डात तुमच्याकडे बघायला कुणाला वेळ नसतो.

केसशीट
सहीबद्दल लिहिते, कारण खरी गोची तिथेच होते.

परवानगी देणारा आणि शिकवून सही करणारा ही दोन वेगळी माणसं. अधिष्ठात्यांची ऑर्डर आली म्हणजे प्रिसेप्टर मिळाला असं होत नाही. सुरू करायच्या आधी प्रिसेप्टरचं नाव, पद, शिक्षण आणि नोंदणी क्रमांक स्टडी सेंटरला लिहून पाठवा आणि लेखी होकार घ्या. ई-मेलचा होकार चालतो, फोनवरचा नाही. तुम्ही जी पदवी घेताय ती किंवा त्यावरची पदवी असलेली, त्याच विभागात काम करणारी सिस्टर किंवा पाठ्यनिर्देशिका (नर्सिंगच्या शिक्षिका) निवडा. वॉर्डातली सगळ्यात अनुभवी सिस्टर बऱ्याचदा जी.एन.एम. असते. शिकायला तिच्यासारखी कुणी नाही, पण तिच्या एकटीच्या सहीवर पानं परत येऊ शकतात.

आरोग्य केंद्रात हा घोळ जास्त होतो. उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी आपल्या राज्यात बरेचदा बी.ए.एम.एस. असतात. भले ते चांगलं शिकवतील, पण नर्सिंगच्या लॉगबुकला त्यांची सही चालेल असं गृहीत धरू नका. आरोग्य सहायिका ए.एन.एम.मधून (उपकेंद्रातल्या आरोग्यसेविकांमधून) वर आलेल्या असतात. गृहभेटी त्यांच्यासोबतच करा, सहीसाठी मात्र सार्वजनिक आरोग्य परिचारिका किंवा कॉलेजच्या कम्युनिटीच्या पाठ्यनिर्देशिका आधीच ठरवून ठेवा. भेटीत महिन्याची ९ तारीख येईल असं बघा. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाच्या तपासणीला त्या दिवशी गरोदर बायका एकत्र येतात आणि एएनसीच्या (प्रसूतीपूर्व तपासणीच्या) नोंदी एका दिवसात भरपूर होतात.

लॉगबुक रोजच्या रोज भरा. 'लेबर रूममध्ये काम केले' ही नोंद नव्हे. असं लिहा: 'प्रथम गरोदर, ३८ आठवडे, पार्टोग्राफवर (कळांच्या प्रगतीच्या तक्त्यावर) चार तासांच्या नोंदी, तिसरा टप्पा ऑक्सिटोसिन १० युनिट आयएम देऊन, निरीक्षण की स्वतः केले: सहाय्य.' रुग्णाचं नाव, पत्ता, फोन लिहायचा नाही. केस पेपरचा फोटो मोबाईलमध्ये काढायचा नाही, हे लिहायला लागू नये पण लागतं.

आणि तास. तुमच्या हॉस्पिटलच्या मस्टरवर २ ते ८ ड्यूटी आणि लॉगबुकवर त्याच दिवशी २ ते ८ सीपीआर, असं निघालं तर एक दिवसच नाही, सगळंच पुस्तक संशयात येतं. ड्यूटी रोस्टरची प्रत महिन्याला काढून ठेवा.

महिनाअखेरीला एकदम सह्या मिळवून देणारे 'ओळखीचे' लोकही भेटतील. त्यांच्या नादी लागू नका. व्हायव्हात दोन प्रश्नांत कळतं.

पंचगंगाकाठ
हिपॅटायटिस बीचं लसीकरण झालंय का ते बघा. ०, १ आणि ६ महिने असे तीन डोस असतात, म्हणजे आयत्या वेळी पूर्ण होत नाहीत. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस (लसीने तयार झालेली प्रतिपिंडं) तपासा, १० किंवा जास्त हवं. सुई टोचली तर त्या हॉस्पिटलमध्ये रिपोर्ट कुणाकडे करायचा हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या. एचआयव्हीची पीईपी (संसर्ग टाळायची औषधं) शक्यतो दोन तासांत, ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागते आणि 'मी बाहेरची विद्यार्थिनी' म्हणून घोटाळत बसलं की वेळ जातो.

साठमारी
थोडं अवांतर. वहिनी अमेरिकेतल्या विद्यापीठाचं ऑनलाइन एम.एस.एन. (नर्सिंगची मास्टर्स) करतायत, फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे रुग्ण तपासून उपचार करणारी नर्स. सध्या वर्षभर इथेच आहेत. क्लिनिकल तास शाहूपुरीत एखाद्या एम.डी. डॉक्टरांकडे झाले तर चालतील का?

केसशीट
नाही. नर्स प्रॅक्टिशनरचे तास तिथल्या परवानाधारक प्रिसेप्टरकडे आणि विद्यापीठाचा लेखी करार असलेल्या ठिकाणी करावे लागतात. वहिनींचा स्वतःचा आर.एन. (नोंदणीकृत नर्सचा) परवानाही तास अमेरिकेतल्या ज्या राज्यात करायचे तिथे चालणारा हवा. तिथल्या २०२२ च्या राष्ट्रीय निकषांत प्रत्यक्ष रुग्णसेवेचे किमान तास ५०० वरून ७५० केलेत, तेव्हा जुन्या माहितीवर हिशेब करू नका. करार व्हायला कधी महिने लागतात, म्हणून इथे असतानाच ई-मेल सुरू करा. विद्यापीठ जागा स्वतः शोधून देतं की विद्यार्थ्यावर टाकतं, हे प्लेसमेंट ऑफिसला विचारल्याशिवाय पैसे घेऊन प्रिसेप्टर देणाऱ्या कंपन्यांकडे जाऊ नका. एज्युकेशन किंवा लीडरशिपचा ट्रॅक असता तर इथल्या जागेबद्दल विचारून तरी बघता आलं असतं.

गवतीचहा
केसशीट ताई, मानसिक आरोग्याचं राहिलं. कोल्हापुरात त्याचं काय?

केसशीट
सीपीआरच्या मनोविकार विभागात ओपीडी आणि समुपदेशन बघायला मिळेल. दीर्घकाळ दाखल असलेले रुग्ण हवे असतील तर राज्यात प्रादेशिक मनोरुग्णालयं चारच आहेत: ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी. तुम्हाला रत्नागिरी जवळ, आंबा घाटाने. रोज ये-जा जमणार नाही, सलग रजा टाकून राहायची सोय बघा. पत्र तिथल्या वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे, आणि वर लाईनबाजार यांनी दिलेलाच नमुना वापरा, फक्त वेळ सकाळची मागा. वॉर्डातल्या बहुतेक थेरपी सकाळीच होतात.