चर्च सुटले, मॉर्मनच्या पुस्तकावरची श्रद्धा टिकवता येईल का?

प्रश्न (वाशी): मॉर्मन चर्चच्या सभांना जाणे मी थांबवले आहे, मात्र लोकलमध्ये मॉर्मनचे पुस्तक (बायबलसोबतचा या चर्चचा धर्मग्रंथ) उघडले की मन आजही भरून येते. संस्थेबाहेर राहून ही श्रद्धा जपणे सुसंगत ठरेल का?

उत्तर (ठाणे): ताई, या ग्रंथातील आल्मा या संदेष्ट्याच्या नावाच्या भागाचा ३२ वा अध्याय जरूर वाचावा. आपण बांधलेल्या सभास्थानांतूनच हाकलले गेलेले गरीब लोक तिथे व्याकूळ होऊन येतात, तेव्हा उपासना आठवड्यातून एकदाच करायची असते काय, असे आल्मा त्यांनाच विचारतो. मला हा मोठा आधार वाटतो.

उत्तर (नेरूळ): ग्रंथाच्या मूळ सोन्याच्या पाट्या पाहिल्याची साक्ष देणाऱ्या तीन साक्षीदारांपैकी डेव्हिड व्हिटमर १८३८ मध्ये चर्चपासून दुरावले, तरी १८८८ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी ग्रंथाविषयीची आपली साक्ष सोडली नाही. तरीही ग्रंथातील मोरोनी या भागाचा ६ वा अध्याय श्रद्धावंत वारंवार एकत्र जमत असत असे सांगतो, म्हणून दोन-तीन जणांसोबत वाचन अवश्य ठेवावे.

प्रश्नकर्ती: आभारी आहे, दादा. नेरूळला वाचन होत असेल तर मला यायला आवडेल.