स्तनातलं सिलिकॉन इम्प्लांट गळतंय हे नक्की झालं, त्रास काहीच नाही. काढायचं की थांबायचं?

रानजाई

माझं मत आधीच सांगते. सिलिकॉनचं इम्प्लांट फुटलंय हे एमआरआयवर नक्की झालं असेल, तर दुखायला लागेपर्यंत थांबू नये. उद्याच ऑपरेशनच्या टेबलावर जायला हवं असं नाही. पण दोन-तीन महिन्यांच्या आतली तारीख ठरवून टाकावी.

माझ्या मोठ्या बहिणीचा एक स्तन कर्करोगामुळे काढला, तेव्हा तिथे सिलिकॉन जेलचं इम्प्लांट बसवलं होतं. (तिला विचारूनच लिहितेय.) आता ते फुटलंय. एक सर्जन म्हणाले, काढा. दुसरे म्हणाले, "त्रास नाही ना? मग राहू दे, सहा महिन्यांनी परत बघू." ताई गोंधळली आहे, आणि तिच्यासारख्या बऱ्याच जणी असतील.

मिठाच्या पाण्याचं इम्प्लांट फुटलं तर काही दिवसांत स्तन बसतो, पाणी शरीरात जिरून जातं, लपून काही राहत नाही. जेलचं तसं नाही. इम्प्लांटभोवती शरीर स्वतःच एक आवरण तयार करतं. आतलं कवच फाटलं तरी घट्ट जेल त्या आवरणात तसंच राहतं आणि बाहेरून आकार बदलत नाही. म्हणून तर अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने) २०२० मध्ये सांगितलं की इम्प्लांट बसवल्यावर पाच-सहा वर्षांनी आणि मग दर दोन-तीन वर्षांनी एमआरआय किंवा सोनोग्राफी करा, काही जाणवत नसलं तरी करा. जी गोष्ट जाणवतच नाही म्हणून शोधून काढायची, ती सापडल्यावर "जाणवत नाही, म्हणून राहू दे" हे मला पटत नाही.

या वादात पीआयपीचं उदाहरण हमखास दिलं जातं. या फ्रेंच कंपनीने वैद्यकीय दर्जाऐवजी औद्योगिक सिलिकॉन भरल्याचं २०१० मध्ये उघडकीस आलं. डिसेंबर २०११ मध्ये फ्रान्स सरकारने सुमारे ३०,००० बायकांना सल्ला दिला की फुटलेलं नसलं तरी काढून घ्या. ब्रिटनमध्ये सर ब्रूस केओ यांच्या समितीने २०१२ मध्ये म्हटलं की सरसकट काढायची गरज नाही. मग लोक म्हणतात, बघा, सरकारांचंच एकमत नाही. पण हा मतभेद न फुटलेल्या इम्प्लांटबद्दल होता! फुटल्याची लक्षणं दिसली तर काढून देण्याची तयारी हवी, हे ब्रिटननेही मान्य केलं होतं. ताईचं फुटलेलं आहे.

पारिजातक

तुमच्या ताईंची काळजी समजते, पण "तारीख ठरवून टाकावी" हे सगळ्यांना लागू करू नका. माझंही फुटलेलं आहे. जेल आवरणाच्या आतच आहे, आणि मी ते विचार करून ठेवलंय.

डेन्मार्कमध्ये फुटलेली इम्प्लांट तशीच असलेल्या बायकांचा दोन वर्षांच्या अंतराने पुन्हा एमआरआय केला होता. अभ्यास लहान होता, ६४ जणींचा. साधारण दहातल्या एका इम्प्लांटमध्ये गळती पुढे सरकलेली दिसली. बाकीची होती तशीच. शरीर स्वतःवरच हल्ला करतंय का हे दाखवणाऱ्या रक्तातल्या अँटिबॉडी वाढल्या नव्हत्या, स्तन कडकही झाले नव्हते.

आता दुसरी बाजू बघा. माझी सत्तरी जवळ आलीय, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत. रेडिएशन घेतलेल्या जागेची कातडी पातळ झालीय, तिथे जखम भरायला किती वेळ लागेल हे सर्जनही छातीठोकपणे सांगत नाहीत. भूल, रक्तस्राव, जंतुसंसर्ग हे धोके आजचे आहेत. जेल बाहेर येण्याचा धोका कदाचितचा आहे. मी कदाचितचा निवडला.

सोनकी

मी रेडिओलॉजिस्ट आहे. रिपोर्टमध्ये नुसतं "इम्प्लांट फुटलंय" एवढं वाचून निर्णय घेऊ नका. जेल आवरणाच्या आत आहे की बाहेर, ते बघा. आत असेल तर एमआरआयवर फाटलेलं कवच दुमडून जेलमध्ये तरंगताना दिसतं, शेवयांसारखं. बाहेर गेलं असेल तर सोनोग्राफीत पांढरं धुकं दाटल्यासारखं दिसतं, कधीकधी काखेतल्या लसिका गाठींमध्येही.

रानजाई, तुमच्या ताईंच्या बाबतीत मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती काखच. सिलिकॉन शिरलेली गाठ मोठी होते, आणि पेट स्कॅनवर (कर्करोग शोधायच्या स्कॅनवर) उजळूनही दिसू शकते. कर्करोग होऊन गेलेल्या बाईच्या काखेत अशी गाठ दिसली की आम्हाला सुई घालून तपासावीच लागते. तो रिपोर्ट येईपर्यंत त्या घराची काय अवस्था होते, ते मी रोज बघते. म्हणून ज्यांना आधी कर्करोग झालाय त्यांनी काढण्याकडे लवकर झुकावं, असं माझं मत आहे. मात्र काखेत गेलेलं सिलिकॉन इम्प्लांट काढल्यावरही तिथेच राहतं. नुसतं सिलिकॉन आहे म्हणून त्या गाठी काढत नाहीत.

कातळशिल्प

या सगळ्यात भीतीचा वाटा मोठा आहे. १९९२ मध्ये अमेरिकेने जेलच्या इम्प्लांटवर निर्बंध घातले, इम्प्लांटमुळे आजार झाले म्हणून हजारो दावे झाले, ती बनवणाऱ्या डाऊ कॉर्निंग कंपनीने १९९५ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. आणि १९९९ मध्ये तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या तज्ज्ञांच्या सल्लागार संस्थेने सगळे अभ्यास तपासून काय सांगितलं? सिलिकॉनमुळे संधिवातासारखे सर्वांगाचे आजार होतात याला पुरावा नाही. २००६ मध्ये ती इम्प्लांट परत बाजारात आली. मग निरोगी बाईला पुन्हा भूल कशासाठी द्यायची?

रानजाई

कातळशिल्प, त्याच अहवालात हेही आहे की खरा प्रश्न स्थानिक त्रासाचा आहे: फुटणं, आवरण आवळून कडक होणं, जंतुसंसर्ग, आणि त्यापायी पुन्हा पुन्हा कराव्या लागणाऱ्या शस्त्रक्रिया. ताईला संधिवात होईल असं मी कुठेच म्हटलेलं नाही. मला भीती आहे ती जेल आवरणाबाहेर पसरण्याची. आत असताना ते आवरणासकट किंवा आवरण उघडून बरंचसं स्वच्छ काढता येतं. स्नायूत आणि चरबीत मुरल्यावर त्याच्या गाठी कोरून काढाव्या लागतात, आणि तेव्हा आजूबाजूचा चांगला भागही जातो. आधीच एक स्तन गमावलेल्या बाईच्या छातीवर मांस उरलेलं असतं किती?

पारिजातक ताई, तुमचा निर्णय मला समजतो, तुमच्या जागी मी कदाचित तोच घेईन. पण तुम्हाला थांबायला सबळ कारणं आहेत. माझ्या ताईला यांतलं एकही नाही. ती पन्नाशीची आहे, धडधाकट आहे, रेडिएशन झालेलं नाही. तिच्यापुढे तीस-पस्तीस वर्षं आहेत. डेन्मार्कचा अभ्यास दोन वर्षांचा.

थेम्सकाठ

माझी पीआयपीचीच होती, इंग्लंडमध्ये खाजगी क्लिनिकमध्ये बसवलेली. केओ समितीने अंदाज दिला होता की दहा वर्षांत पीआयपीची १५ ते ३० टक्के फुटतात, इतर कंपन्यांची १० ते १४ टक्के. माझं फुटलेलं नव्हतं. तरी काढून घेतलं, कारण रोज अंघोळीला गेलं की हात आपोआप काखेत गाठ शोधायचा. डॉक्टरांनी हे कारण फालतू मानलं नाही, त्याबद्दल मी अजून त्यांची ऋणी आहे. रिपोर्टमध्ये मन दिसत नाही, पण निर्णयात त्याला जागा हवी.

नीलमोहोर

एक विचारते. "आवरणासकट अख्खं, एकसंध काढून घ्या, नाहीतर उपयोग नाही" असं व्हिडिओंमध्ये सारखं सांगतात. खरं आहे का?

सोनकी

सर्वांना नाही. खडबडीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटभोवती क्वचित एक लिम्फोमा (लसिका पेशींचा कर्करोग) होतो, त्यात आवरणासकट पूर्ण काढणं हाच उपचार आहे. (त्याच कारणाने २०१९ मध्ये ॲलरगन कंपनीची बायोसेल नावाची खडबडीत इम्प्लांट परत मागवली गेली.) साध्या गळतीत तो आग्रह धरू नका. आवरण बरगड्यांना चिकटलेलं असतं. हट्टाने खरवडलं तर रक्तस्राव वाढतो, क्वचित फुप्फुसाच्या आवरणालाही भोक पडतं. किती काढायचं ते सर्जनला आत बघून ठरवू द्या.

बांधावरचा

विम्याबद्दल. बायकोच्या वेळी आधी नकार आला, "कॉस्मेटिक" म्हणून. आपल्याकडच्या पॉलिसींमध्ये कॉस्मेटिक शस्त्रक्रिया वगळणारं कलम असतं, पण त्याच कलमात अपघात, भाजणं आणि कर्करोगानंतरची पुनर्रचना याला अपवाद दिलेला आहे. आरोग्याला थेट, तातडीचा धोका असल्याचं उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी प्रमाणित केलं तर त्यालाही. मूळ कर्करोगाचे कागद आणि इम्प्लांटचं कार्ड जोडा. पत्रात "गळती" हा शब्द आणि एमआरआयची तारीख हवी. आणि हे तारीख घेण्याआधी करा, नंतर धावपळ होते.

रानजाई

धन्यवाद, बांधावरचा. ताईचं कार्ड मिळालंय, त्यावर कंपनी आणि अनुक्रमांक दोन्ही आहेत. सोनकी, तुमच्या सांगण्यावरून तिने पहिल्या सर्जनना विचारलं. जेल अजून आतच आहे. ती काढायला तयार आहे, पण त्याच शस्त्रक्रियेत नवीन बसवायचं की सपाट राहायचं हे तिचं ठरत नाहीये. तेवढ्यासाठी मी तिला वेळ द्यायला तयार आहे, पण वर्षभर नाही.

पारिजातक

सपाट राहण्याबद्दल त्यांना माझ्याशी बोलायचं असेल तर जरूर बोलू दे, माझी दुसरी बाजू तशीच आहे. पण मी माझ्या मतावर ठाम आहे. माझी पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे. जेल आवरणाबाहेर दिसलं तर त्याच आठवड्यात सर्जनकडे जाईन. नाही दिसलं तर पुढच्या वर्षी परत मशिनखाली.