मदत हवी आहे : रेवस ते रेडी मोटरसायकल सफरीसाठी तंबू आणि स्लीपिंग बॅग

दर्याकाठचा
सप्रेम नमस्कार. डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी आम्ही मोटरसायकलने निघतो आहोत. रेवसहून कोकणच्या किनाऱ्याकिनाऱ्याने रेडीपर्यंत जायचे असून वाटेतले सातही मुक्काम तंबूत करायचे आहेत. माझा जुना तंबू निकामी झाला आहे आणि नवे सामान मागवले तर ते आमच्या गावात पोहोचायला चार-पाच दिवस सहज लागतात, म्हणून जे काही ठरवायचे ते आज-उद्यातच ठरवावे लागेल. गेल्या वर्षी पहाटे कुडकुडत उठलो, अंगावरचे पांघरूण ओले झाले होते. त्यामुळे या वेळी शून्य अंशांची स्लीपिंग बॅग घ्यावी की पाच अंशांची, एवढेच मला विचारायचे आहे. तंबू चांगल्या प्रतीचा आणि दोन माणसांचा हवा. कृपया नेमके काय घ्यावे ते सांगावे. सर्वसाधारण माहिती मी पुष्कळ वाचली आहे.

पुळणवाट
नेमके सांगण्याइतकी माहिती आपण दिलेली नाही. ‘आम्ही’ म्हणजे एका गाडीवर दोघे की दोन गाड्यांवर दोघे? गाडी कोणती, मागे कॅरिअर आहे का, आणि तंबू नक्की कशावर लावणार आहात : पुळणीवर (समुद्रकाठच्या वाळूवर), सुरूच्या बनात, कातळावर की कुणाच्या वाडीत? या प्रत्येक ठिकाणी वेगळा तंबू उपयोगी पडतो, त्यामुळे हे समजल्याशिवाय सल्ला देणे म्हणजे अंदाजाने औषध देण्यासारखे होईल.

मतलई
पुळणवाट यांचे प्रश्न योग्यच आहेत, तरी स्लीपिंग बॅगबद्दल आत्ताच सांगतो, कारण तिथे दर्याकाठचा यांचे निदानच मला चुकलेले वाटते. किनाऱ्यालगत डिसेंबरातही पारा क्वचितच १५ अंशांखाली उतरतो. दापोलीसारख्या उंचावरच्या गावात तो कधी कधी १० च्या आसपास येतो खरा, पण आपला मुक्काम समुद्राकाठी आहे. आपल्याला थंडी वाजली ती ओलीमुळे. संध्याकाळनंतर दंव पडू लागते, त्यातच आपल्या श्वासातली वाफ तंबूच्या थंड कापडावर आतून साचते आणि पहाटेपर्यंत तिचे थेंब होऊन पांघरुणावर गळतात. अशा हवेत शून्य अंशांची पिशवी घेतलीत, तर पहिल्या प्रहरी घामाने ती आतून भिजेल आणि पहाटे वरून. पिसांची पिशवी तर मुळीच घेऊ नये, कारण ओल लागली की पिसे चिकटून बसतात आणि त्यांची ऊब जाते. सुती अस्तर आणि साधारण १५ अंशांपर्यंत चालणारी, कृत्रिम तंतू भरलेली पातळ पिशवी पुरेशी आहे. ती पूर्ण उघडून दुलईसारखी पांघरता आली तर उत्तम.

माडाखाली
माझे मत थोडे वेगळे आहे. कोकणात तंबू नेण्याची गरजच काय? मी सहा वर्षांपासून मच्छरदाणी जोडलेली झोळी वापरतो. तिचे गाठोडे दोन नारळांएवढे होते, जमीन ओली आहे की दगडाळ याची चिंता उरत नाही, पाठीला वारा लागतो आणि वर ताडपत्री बांधली की दंवही अंगावर येत नाही. दोन माड दिसले की मुक्काम झाला.

जांभाकातळ
माडाला झोळी बांधण्याचा सल्ला कृपया कुणी मनावर घेऊ नये. नारळ आणि वाळलेली झावळ कोणत्या क्षणी खाली येईल हे बागायतदारसुद्धा सांगू शकत नाही, म्हणूनच आमच्याकडे माडाखाली खाटसुद्धा टाकत नाहीत. झोळी बांधायचीच असेल, तर जाड बुंध्याचा आंबा किंवा काजू बघावा आणि तोही मालकाला विचारून. शिवाय रत्नागिरीपासून खाली राजापूर, देवगडपर्यंत सडेच्या सडे (कातळाची उघडी पठारे) असे आहेत की दोन झाडे हाकेच्या अंतरावरही सापडत नाहीत.

माडाखाली
नारळ उतरवलेल्या झाडांखालीच मी झोळी बांधतो आणि मालकाला विचारूनच बांधतो, हे लिहायचे राहिले. सड्याबद्दलचे आपले म्हणणे मात्र मला मान्य आहे.

ओसरी
एवढा खटाटोप करण्यापेक्षा घरगुती निवासात राहावे असे मी सुचवेन. दिवेआगर, आंजर्ले, गुहागर, तारकर्ली अशा सर्व ठिकाणी स्वच्छ खोल्या मिळतात, गरम पाणी मिळते आणि सकाळी आंबोळ्यासुद्धा मिळतात.

दर्याकाठचा
ओसरी यांच्या सूचनेबद्दल आभार, परंतु आम्हाला तंबूतच राहायचे आहे. राहिलेली माहिती देतो. गाडी ३५० सीसीची आहे. मागे पत्नी बसणार आहे, दोघे एकाच गाडीवर आहोत. ‘आम्ही’ म्हटल्यावर हे लक्षात येईल असे मला वाटले होते. दोन्ही बाजूंना कापडी सॅडलबॅगा आहेत, कॅरिअर नाही. तंबू, दोन पिशव्या आणि दोन मॅट मिळून १२ हजारांपर्यंत खर्च करू शकतो. संध्याकाळ जिथे होईल तिथे पुळणीवरच, भरतीच्या रेषेच्या थोडे वर तंबू लावू. आता कृपया तंबू सुचवा.

पुळणवाट
पत्नी मागे बसणार असेल, तर सगळा हिशेब बदलतो. सीटवर सामान बांधायला जागाच उरत नाही, म्हणजे तंबूचे वजन नव्हे, तर घडी केल्यावर त्याची लांबी किती होते हे आधी पाहायला हवे. सॅडलबॅगेची आतली लांबी आज मोजा. बहुतेक ती ४० ते ४५ सेंटिमीटर भरेल, आणि स्वस्त तंबूंच्या काठ्या दुमडल्यावर ६० सेंटिमीटरच्या असतात. त्या बाहेर डोकावत राहतात आणि जंगलजेटीवर, म्हणजे खाडी ओलांडून नेणाऱ्या बोटीवर, गाड्या खेटून लावताना कुणाच्या तरी आरशात अडकतात. हवेत फेकला की आपोआप उघडणारा तंबू घेण्याचा मोह होईल, पण त्याची घडी मोठ्या परातीसारखी गोल होते आणि ती दोघे बसलेल्या गाडीवर कुठेच मावत नाही.

दुसरी गोष्ट रुंदीची. दोन माणसांच्या तंबूची आतली रुंदी बहुधा १३० ते १४० सेंटिमीटर असते. त्यात ५५ सेंटिमीटरच्या दोन मॅट टाकल्या की उरते वीतभर जागा. मग दोन हेल्मेट, दोन जॅकेट आणि बूट कुठे ठेवणार? एक तर तीन माणसांचा तंबू घ्यावा, नाही तर ज्याच्या बाहेरच्या कापडाला दाराशी पडवी आहे असा दोन माणसांचा घ्यावा. मी दुसरा पर्याय निवडला आणि समाधानी आहे. बूट मात्र पडवीत न ठेवता पिशवीत घालून आत घ्यावेत, कारण रात्री त्यांत खेकडी शिरतात.

मतलई
पुळणवाट यांच्याशी पूर्ण सहमत आहे. आपल्या हवेसाठी माझी एकच अट आहे : तंबू दुपदरी असावा, आतला पदर जाळीचा असावा आणि बाहेरचे कापड त्याला कुठेही चिकटू नये. वाफ बाहेरच्या कापडावर साचते आणि जाळीमुळे आपल्यापर्यंत पोहोचत नाही. जाळी बारीक विणीची हवी, कारण साध्या मच्छरदाणीतून घुंगुरटी सहज आत येतात. दार कुठल्या दिशेला ठेवायचे हेही महत्त्वाचे आहे. दिवसभर खारा वारा समुद्रावरून येतो आणि रात्री उशिरा मतलई सुटून जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतो. संध्याकाळचा वारा पाहून समुद्राकडे दार करणाऱ्यांना पहाटे तंबू कोंदट झालेला आढळतो. जमिनीकडची खिडकीही उघडी राहील असा तंबू निवडा.

वेळासची वाट
मला तंबूच्या मॉडेलपेक्षा ‘भरतीच्या रेषेच्या थोडे वर’ या शब्दांची अधिक काळजी वाटते. नेमक्या त्याच पट्ट्यात ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या अंडी घालतात, आणि त्यांचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च असतो. वेळास, आंजर्ले, गावखडी ही नावे सर्वांना ठाऊक आहेत, पण घरटी इतर अनेक पुळणींवरही सापडतात. मादी रात्री येते आणि समोर उजेड किंवा हालचाल दिसली तर अंडी न घालताच परत फिरते. तेव्हा मनापासून विनंती करते की पुळणीवर तंबू लावू नका, गाडी तर वाळूत अजिबात नेऊ नका. मागच्या सुरूच्या बनात किंवा गावातल्या एखाद्या अंगणात, ग्रामपंचायतीला अथवा मालकाला विचारून मुक्काम करा.

दर्याकाठचा
ताई, हे मला खरोखर ठाऊक नव्हते. पुळणीवर तंबू लावणार नाही. पण मग सुरूच्या बनात काय काळजी घ्यावी?

जांभाकातळ
सुरूच्या बनात जमिनीवर बारीक टणक बोंडे पसरलेली असतात. तंबू लावण्याआधी ती हाताने वेचून काढा, कारण हवा भरायच्या मॅटला त्यांनी भोक पडते. माझ्या मते हवेची मॅट घेऊच नये. फोमची घडीची मॅट फुटत नाही, ओली झाली तर फडक्याने पुसून कोरडी होते आणि बसायलाही चालते.

पुळणवाट
इथे मी असहमत आहे. दोन फोमच्या मॅटचे गाठोडे दोघे बसलेल्या गाडीवर ठेवणार कुठे? हवेची मॅट पाण्याच्या बाटलीएवढी होते. खाली जाड कापड अंथरले आणि ठिगळे सोबत ठेवली की झाले.

जांभाकातळ
जाड कापडही जागा घेतेच की! घडीची मॅट सॅडलबॅगेच्या वर आडवी बांधता येते, फक्त ती सायलेन्सरच्या बाजूला नको. आणि रबरी दोरीने न बांधता बकलच्या पट्ट्याने बांधावी, कारण खराब रस्त्यावर रबर सैल होते. ज्याची पाठ दुखते त्याने हवेची घ्यावी, इतकी तडजोड मी करू शकतो.

खुंट्यांबद्दलही लिहितो. सुरूखालच्या भुसभुशीत वाळूत तंबूसोबत येणाऱ्या बारीक तारेच्या खुंट्या टिकत नाहीत. तंबूच्या छोट्या पिशव्या वाळूने भरून, त्यांना दोरी बांधून, कोपरभर खोल पुरा. किंवा हातभर लांबीची वाळलेली फांदी दोरी बांधून आडवी पुरा. सड्यावर खुंटी आतच जात नाही, तिथे दगडच लागतात. म्हणून काठ्या ताणल्या की स्वतःच्या पायावर उभा राहतो असा घुमटाकार तंबू घ्यावा, दोऱ्यांच्या ताणावर उभा राहणारा बोगद्यासारखा नको.

साखळीदादा
समुद्राकाठच्या प्रत्येक मुक्कामानंतर गाडीची साखळी गोड्या पाण्याने धुऊन, कोरडी करून तेल द्यावे. खाऱ्या हवेने ती दोन दिवसांत तांबडी पडते.

मतलई
दर्याकाठचा, जुना तंबू निकामी कसा झाला हे आपण सांगितलेच नाहीत. फाटला, की काठी मोडली?

दर्याकाठचा
काही मोडले नाही. परवा माळ्यावरून काढून उघडला, तर बाहेरच्या कापडाचा आतला थर चिकट झाला होता आणि कोंड्यासारखा सुटून हाताला लागत होता. वास तर असा की खोलीत उभे राहवेना. झिपच्या सरकणीवर पांढरट हिरवा थर चढला आहे आणि ती जागची हलत नाही. तीनच वर्षे वापरला होता. ज्या दुकानातून घेतला त्यांनी सांगितले की कापडच हलके होते, आता महागातला घ्या.

मतलई
गेल्या सफरीनंतर तो वाळवून ठेवला होतात का?

दर्याकाठचा
शेवटच्या पहाटे ओलाच गुंडाळला होता. घरी आल्यावर कामाच्या गडबडीत तो तसाच माळ्यावर गेला आणि अख्खा पावसाळा तिथेच राहिला.

मतलई
मग दोष कापडाचा नव्हता. पाणी अडवणारा पॉलियुरेथेनचा थर ओलीत आणि उष्णतेत हळूहळू विघटित होतो. तो आधी चिकट होतो, मग सुटू लागतो. दुप्पट किमतीचा तंबूही ओलाच माळ्यावर ठेवलात तर असाच खराब होईल. परत आल्यावर तंबू आणि झिपा गोड्या पाण्याने धुवाव्यात, दोन दिवस सावलीत पसरावा आणि घट्ट न गुंडाळता सैल सुती पिशवीत घालून कपाटात ठेवावा. सफरीत रोज पहाटे ओले झालेले बाहेरचे कापड वेगळ्या पिशवीत ठेवावे, स्लीपिंग बॅगेला लागू देऊ नये; दुपारी जेवायला थांबाल तिथे अर्धा तास उन्हात धरले की ते सुकते. पाणी अडवण्याची क्षमता (म्हणजे कापड किती उंच पाण्याचा दाब सोसते ते) २००० ते ३००० मिलिमीटर असलेला मध्यम किमतीचा तंबू आपल्याला पुरेल. वाचलेल्या पैशांत दोन चांगल्या मॅट घ्या.

पुळणवाट
आणि सुरूच्या बनातही भरतीचा हिशेब करा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते : अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास, सकाळीही आणि रात्रीही. उधाणाच्या रात्री काही ठिकाणी पाणी बनाच्या कडेपर्यंत येते, तेव्हा गावातल्या माणसाला विचारल्याशिवाय खुंटी ठोकू नका.

दर्याकाठचा
सॅडलबॅग मोजली, आतून ४३ सेंटिमीटर भरली. ४० सेंटिमीटरची घडी होणारा, जाळीचा आतला पदर आणि दाराशी पडवी असलेला घुमटाकार तंबू आत्ताच मागवला. १५ अंशांच्या दोन पातळ पिशव्या घेतल्या. पत्नीच्या कमरेचा विचार करून तिच्यासाठी हवेची मॅट आणि माझ्यासाठी फोमची, असे ठरवले. तंबू गुरुवारी येईल, त्या रात्री तो अंगणात लावून दोघेही आत झोपून पाहू. आमची तिसरी रात्र पौर्णिमेची आहे आणि त्या दिवशी बागमांडल्याहून जंगलजेटीने वेश्वीला उतरून केळशीकडे जायचे आहे. त्या बाजूला अंगणात तंबू लावू देणारे कुणी ओळखीचे असल्यास कृपया मला निरोप करावा.

वेळासची वाट
निरोप पाठवला आहे. अंगण मोठे आहे आणि माड घरापासून लांब आहेत. संध्याकाळी सहाच्या आत पोहोचा, म्हणजे उजेडात तंबू लावता येईल.