पिकअपची पॉवर वाढवायची आहे. चिप टाकू की सायलेन्सर? लवकर सांगा

हापूस_लाइन
पाडव्याच्या आत गाडी गॅरेजला सोडायची आहे, नंतर एक दिवससुद्धा उभी ठेवणं परवडणार नाही. पिकअप भरलेली असली की फोंडा घाटात दुसऱ्या गिअरवर कुंथत चढते. मागच्या सीझनला हाच घाट तिसऱ्यावर काढायची. ॲव्हरेज पण पडलंय. कणकवलीत एकजण चिप बसवून देतो, अठरा हजार सांगतो, ताकद ३० टक्के वाढेल म्हणतो. दुसरा म्हणतो, एवढे पैसे कशाला, धुवायचा एअर फिल्टर टाक आणि सायलेन्सर सरळ करून घे. यातलं काय करू? दोन्ही केलं तर जास्त फरक पडेल का? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनीच सांगा. "सर्व्हिसिंग करून घ्या" असं कुणी लिहू नका, झालेली आहे.

कोल्हापुरी_डिझेल
चिप टाक भावा, डोळे झाकून. माझ्या गाडीला दोन वर्षं आहे. टॉप गिअरला ओव्हरटेक मारताना सीटला पाठ चिकटते. फिल्टर-बिल्टर पोरांचा खेळ आहे, नुसता आवाज वाढतो.

सुपारी_फुटली
कोणती पिकअप? कुठल्या साली घेतलेली?

हापूस_लाइन
सगळ्यांकडे असते तीच. पांढरी.

सुपारी_फुटली
मग झालं की. पांढऱ्या गाडीला चिप चालत नाही, तांबड्या रंगालाच बसते.

आबा_मिस्त्री
धूर कोणत्या रंगाचा येतो ते सांगा. काळा, पांढरा की निळसर? आणि चिप वगैरेच्या भानगडीत पडू नका. पंपाचा स्क्रू अर्धा आटा फिरवायचा, डिझेल वाढतं, गाडी पळते. गॅरेजात आमची उभी हयात त्यात गेली. एक रुपया खर्च नाही.

चाकण_बी_शिफ्ट
आबा, तो स्क्रू जुन्या मेकॅनिकल पंपाला असायचा. कॉमन रेल गाडीत (सगळ्या सिलिंडरांना एकाच जादा दाबाच्या नळीतून डिझेल जातं ती) डिझेल किती जायचं ते ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठरवतो, स्क्रू फिरवायला शिल्लकच ठेवलेला नाही. म्हणून आधी गाडीचं साल कळलं पाहिजे. हापूसराव, आरसी बघून चार गोष्टी लिहा: साल, बीएस४ की बीएस६ (धुराच्या प्रदूषणाचा नियम), सीसी, पासिंग (किती माल भरायची परवानगी) किती. आणि गाडीत कंपनीचं सोडून दुसरं काय काय बसवलंय तेही.

हापूस_लाइन
२०१८, बीएस४, २५२३ सीसी, दीड टन पासिंग. वेगळं काहीच बसवलेलं नाही. धूर काळा येतो, पण डिझेल गाडीला काळाच येणार ना.

चाकण_बी_शिफ्ट
सीसीवरून गाडी कळली. बीएस४ आहे म्हणजे कॉमन रेलच. ठणठणीत बीएस४ गाडी घाटात सतत काळा धूर सोडत नाही. काळा धूर म्हणजे डिझेल जातंय, पण ते जाळायला हवा पुरत नाही.

आता चिप काय करते ते बघा. बाजारात मिळणारी स्वस्तातली चिप म्हणजे बहुतेक वेळा रेल प्रेशर सेन्सरच्या वायरीत मध्येच जोडलेला एक डबा. खरं आहे त्यापेक्षा प्रेशर कमी असल्याचं तो ईसीयूला भासवतो. मग ईसीयू प्रेशर चढवतो आणि दर फवाऱ्याला डिझेल जास्त जातं. हवा भरपूर असेल तर ताकद मिळते. तुमच्याकडे हवाच कमी पडतेय, त्यात आणखी डिझेल ओतलं की धूर वाढेल, एक्झॉस्टचं तापमान वाढेल. सपाटीवर ओव्हरटेकपुरतं दहा सेकंद ते चालून जातं. घाटात सलग ॲक्सिलरेटर दाबून ठेवायचा असतो, तिथे पिस्टन आणि टर्बो (इंजिनात हवा कोंबणारा पंखा) भाजतात.

कोल्हापुरी_डिझेल
दोन वर्षांत माझा टर्बो का नाही भाजला मग? पुस्तकी लोकांचं हे असंच. गाडी चालवणाऱ्याला विचारा.

चाकण_बी_शिफ्ट
तुम्ही भरून काय नेता?

कोल्हापुरी_डिझेल
मंडप डेकोरेशनचं सामान. कापडं, खुर्च्या.

चाकण_बी_शिफ्ट
बरं.

मालवणी_मेवा
रे, पेटये किती भरतंस ता आदी सांग.

हापूस_लाइन
पाच डझनी १२० पेट्या, कधी थोड्या जास्त. सगळेच भरतात.

मालवणी_मेवा
एक फळ अडीचशे ग्रॅम धरलं तरी पाच डझनाचे १५ किलो झाले. लाकडी पेटी आणि पेंढा धरून १८ म्हणू. १२० पेट्या म्हणजे २१६० किलो. पासिंग दीड टन. वर ताडपत्री, दोर, क्लीनर. आणि देवगडात लोखंडी जाळीची उंच बॉडी मारल्याशिवाय कुणी गाडी रस्त्यावर काढत नाही, तिचं वजन वेगळंच.

हापूस_लाइन
जाळी आहे, ती सगळ्यांनाच असते. मागे स्प्रिंगचे दोन पाटे वाढवलेत, त्यामुळे गाडी बसत नाही. माल मागच्या वर्षीही एवढाच भरत होतो, तेव्हा चढत होती. वजनाचं मला शिकवू नका, चिपचं सांगा.

नियमावली
वजनाचं शिकवत नाही, दंडाचं सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम १९४: ओव्हरलोडला २०,००० रुपये, वर जादाच्या प्रत्येक टनाला २,०००. शिवाय जादा माल तिथेच उतरवायला लावू शकतात, एप्रिलच्या उन्हात हापूस रस्त्याकडेला. कलम ५२ प्रमाणे निर्मात्याने ठरवलेल्या मूळ रचनेत बदल करता येत नाही. सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच सांगितलं. मालकाने बदल केला तर कलम १८२अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५,००० दंड, किंवा दोन्ही. तुमची गाडी आठ वर्षांची झाली की फिटनेसही दरवर्षी. सरळ सायलेन्सर लावून तिथे उभे राहणार का?

सुपारी_फुटली
फिटनेसच्या दिवशी जुना सायलेन्सर लावायचा, दुसऱ्या दिवशी काढायचा. जगरहाटी आहे, साहेब.

ऑस्टिनचा_बाळू
इथे टेक्सासमध्ये पिकअप म्हणजे घरची गाडी. माझ्या एफ-१५०ला व्ही६ ट्विन टर्बो पेट्रोल आहे. ट्यूनर (इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणारं यंत्र) गाडीच्या ओबीडी पोर्टला लावला, फाइल चढवली, पंधरा मिनिटांत काम झालं. तुमच्याकडे असे ट्यूनर मिळत नाहीत का? मात्र डिझेलवाल्यांनी ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) आणि डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर) काढून टाकायचा धंदा केला तर ईपीए, म्हणजे इथलं पर्यावरण खातं, जबर दंड लावते, तिकडे जाऊ नका.

मालवणी_मेवा
बाळू, तुझ्या गाडीत मागे काय असतं?

ऑस्टिनचा_बाळू
सध्या लेकाची सायकल.

घाटमाथा
मुळात फोंड्याने जाताच कशाला? गगनबावड्याने जा. करूळ घाटाचं काँक्रीट झालंय आता, लोण्यासारखा रस्ता आहे.

मालवणी_मेवा
देवगड-नांदगाव-फोंडा-दाजीपूर-राधानगरी ही सरळ वाट सोडून माणूस वैभववाडीला वळसा घालेल? आणि करूळ बंद होता तेव्हा भुईबावड्यात काय हाल झाले ते आम्ही बघितलंय.

घाटमाथा
वळसा कुठे, तळेऱ्यावरून आत शिरायचं. चढ बघा ना, नुसता नकाशा काय बघता. आंबा घाट तर त्याहून बरा.

मालवणी_मेवा
देवगडचा माल आंबा घाटाने? नावावरून घाट निवडतोस काय रे?

हापूस_लाइन
कुणी रस्ता विचारला होता का? चिप.

आबा_मिस्त्री
स्क्रूचं मी बोललो ते जुन्या गाड्यांचं, राहू दे. पण हवेचं चाकणवाले बरोबर बोलतात. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत (हवा थंड करणारी जाळी) आणि तिथून इंजिनापर्यंत जाड रबरी नळ्या आहेत. क्लिपेच्या खाली त्या चिरतात, वरून दिसत नाही. नळी हाताने दाबा, जोडावर ऑइलचा ओलसर काळा थर दिसतो का बघा. चढाला पाय दाबल्यावर फुसफुस किंवा शिट्टी ऐकू येते का? सर्व्हिसिंगमध्ये ऑइल, फिल्टर बदलतात, नळी काढून कोणी बघत नाही. त्यानंतर ईजीआर काजळीने चिकटलाय का ते बघायला सांगा. आणि घाटात इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी वाढत नाही, असं होत असेल तर क्लच प्लेट गेली.

हापूस_लाइन
आवाज वाढत नाही, गाडी गप्प होते. शिट्टीसारखं वाजतं खरं. मला वाटलं नवीन टायरचा आवाज असेल.

चाकण_बी_शिफ्ट
कुठले नवीन टायर?

हापूस_लाइन
दिवाळीत टाकले. आधी २१५/७५ आर १५ होते, आता २३५/७५. रिम तीच. रुंद आहेत, गाडी दिसते पण दणकट. टायरचा पॉवरशी काय संबंध?

चाकण_बी_शिफ्ट
"वेगळं काहीच बसवलेलं नाही" म्हणालात ना!

२१५/७५ आर १५ ची उंची सुमारे ७०३ मिमी, २३५/७५ ची ७३३. म्हणजे चाक चार टक्क्यांहून जरा जास्त मोठं झालं. मागच्या ॲक्सलमधलं क्राउन-पिनियन तेच, गिअर तेच, चाक मोठं, म्हणून प्रत्येक गिअर तेवढ्याच प्रमाणात उंच झाला. सपाटीला हे जाणवत नाही. तिसरा जेमतेम धरणाऱ्या भरल्या गाडीला तेवढंच पुरतं दुसऱ्यावर यायला. ॲव्हरेजचंही ऐका: चाकाच्या एका फेऱ्यात गाडी आता जास्त पुढे जाते, पण किलोमीटरच्या काट्याला ते कळत नाही. काट्यावर १०० होतात तेव्हा खरे १०४ झालेले असतात. तुमचं पडलेलं ॲव्हरेज थोडं खरं, थोडं कागदावरचं.

आणि ते वाढवलेले पाटे. तुमच्या गाडीत मागच्या ॲक्सलजवळ दांडीने जोडलेला लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह आहे का बघा. गाडी किती बसली त्यावरून तो मागच्या चाकांना ब्रेक किती द्यायचा ते ठरवतो. पाटे वाढवले, गाडी बसेना. व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे, मग तो मागचा ब्रेक कमी देतो. तुम्ही सव्वादोन टन घेऊन राधानगरीच्या उतारांना तसेच जाता. चढायचं मागाहून बघू, हे आधी सेट करून घ्या.

कोल्हापुरी_डिझेल
ब्रेकचा प्रश्न त्याने विचारलाच नाही.

लाइटवाला_साताऱ्याचा
दादा, पॉवरचं माहीत नाही, पण घाटासाठी एलईडी बार टाका. माझ्याकडे बारा व्होल्टचा आहे, रात्रीचा दिवस होतो. होलसेल भावात देतो.

नियमावली
समोरच्याच्या डोळ्यात जाणारा तो बारही बेकायदाच.

हापूस_लाइन
नळी बघितली. इंटरकूलरकडून इंजिनाला जाणारी, क्लिपेखाली बोटभर चिरलेली. आबा, तुम्ही म्हणाला तसं आजूबाजूला सगळं ऑइल. नवीन टाकली. ईजीआर पण काढून साफ केला, त्यात काजळीचा लगदा होता. जांभा दगड भरून फोंडा मारला, काळा धूर नाही. खालची वळणं तिसऱ्यावर गेली, वरच्या टप्प्याला अजून दुसरा लागतो. टायर काही बदलणार नाही, नवे आहेत. आता हवा बरोबर येतेय तर चिप चालेल ना?

आबा_मिस्त्री
चालेल. इंजिनाचं काम करायची वेळ आली की माझ्याकडेच या, वाजवी दरात करून देईन.

चाकण_बी_शिफ्ट
चिपचे अठरा हजार जुन्या मापाच्या टायरांकडे आणि व्हॉल्व्ह सेट करण्याकडे वळवा. ब्रेकचं काय केलं?

हापूस_लाइन
दांडी आहे. मिस्त्री म्हणाला, उद्या घेऊन ये.

सुपारी_फुटली
ते २३५ काढणार असाल तर मला सांगा. आमच्या ट्रॉलीला पाहिजेत.