मदत हवी आहे: पाणवठ्यावरचं मगररोधक कुंपण पुरात कसं टिकवायचं?

नदीकाठी धुण्या-आंघोळीच्या जागेला तीन बाजूंनी पाण्यात कुंपण घालायचं आहे, श्रीलंकेत घालतात तसं. मगर पकडून दूर सोडा, हा सल्ला कृपया नको. ऑस्ट्रेलियात उपग्रह ट्रान्समीटर लावलेली खाऱ्या पाण्यातली मगर ४०० किलोमीटरहून जास्त अंतर कापून मूळ जागी परतली होती. शिवाय रिकामी जागा दुसरी मगर घेतेच.

आराखडा असा: उभे जीआय पाइप, मधली फट १० सेंटीमीटर. जाळी मुद्दाम टाळली आहे, तिच्यात कासवं अडकतात आणि कचराही तुंबतो.

अडचण तळाशी आहे. प्रवाहामुळे पाइपांच्या बुडाची वाळू खरवडली जाते, खाली पोकळी होते आणि मगर आत शिरू शकते. मग कुंपणच पिंजरा ठरतं, माणसं आणि मगर एकाच बाजूला! आत उतरण्याआधी बांबूने तळ चाचपायचा नियम ठेवणारच आहोत, पण गढूळ पाण्यात तेवढ्यावर विसंबता येत नाही.

वाळूच्या तळात पाइप किती खोल हवेत? बुडाशी गॅबियन (दगड भरलेले तारेच्या जाळीचे पेटारे) टिकतात का? की पावसाळ्याआधी काढून ठेवता येतील असे सुटे भागच बरे? प्रत्यक्ष बांधलेल्यांनी कृपया मापांसह सांगावं.