छोटे हर्लिंग क्लब: एकत्र यावेत की आपापलं नाव राखावं?

वेशीवरचा

हर्लिंग हा आयर्लंडचा मैदानी खेळ. जुलैमध्ये ऑल-आयर्लंडची, म्हणजे काउंटी (जिल्हा) संघांच्या राष्ट्रीय चॅम्पियनशिपची, अंतिम लढत आटोपली की काउंटीचे खेळाडू आपापल्या गावच्या क्लबकडे परततात आणि ऑक्टोबरपर्यंत क्लब चॅम्पियनशिप रंगते. सोबत जुना वादही परततो: ज्यांना पंधरा जण उभे करताना घाम फुटतो अशा क्लबांनी शेजारच्यांशी विलीन व्हावं का? माझं मत स्पष्ट आहे. व्हावं, आणि पोरं संपायच्या आधी व्हावं.

हर्लिंग न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात: अ‍ॅश लाकडाची चपटी काठी, म्हणजे हर्ली. 110 ते 120 ग्रॅमचा चामडी चेंडू, म्हणजे स्लिटर. गोलचे तीन गुण, आडव्या दांड्यावरून मारला तर एक. मैदान 130 ते 145 मीटर लांब, बाजूला पंधरा खेळाडू, क्लबचा सामना 60 मिनिटांचा. क्लबची हद्द म्हणजे साधारण चर्चचा पॅरिश. कोणी पगार घेत नाही, आणि मनात आलं म्हणून क्लब बदलता येत नाही.

आता साधा अंदाज मांडू. पॅरिशमध्ये वर्षाला 12 मुलं जन्मतात असं धरा. त्यातले सहा मुलगे. चार जण हर्ली हातात धरतील. कॉलेज, डब्लिनची नोकरी, ऑस्ट्रेलिया या चाळण्यांतून दोन उरतील. 18 ते 33 या सोळा वर्षांचे मिळून 32 झाले, म्हणजे संघ निघाला. जन्म सहावर आले तर 16. त्यात एकाचं बोट मोडलेलं, एकाची रात्रपाळी, एकाच्या भावाचं लग्न. राहिले 13. पाच बदली खेळाडूंची मुभा मग कागदावरच.

याहून मोठं नुकसान सरावात होतं. यादीत 16 असले तर मंगळवारी संध्याकाळी नऊ-दहा येतात. तेवढ्यांत मनगटाचे, भिंतीवर चेंडू मारायचे सराव होतात. पण गोलकीपरचा पक-आउट, म्हणजे त्याने गोलपासून मारलेला फटका, 80 मीटरवर जातो आणि तिथे चार-पाच जणांच्या गर्दीत, हर्ल्यांच्या खणखणाटात, तो वरून येणारा चेंडू हाताने टिपायचा असतो. ते शिकायला समोर तेवढीच माणसं लागतात. ती नसली की पहिल्या वीस मिनिटांत प्रतिस्पर्धी सगळे पक-आउट खातात आणि सामना तिथेच संपतो.

बॅलीहेल शॅमरॉक्स पाहा. किलकेनी काउंटीतलं खेडं. 1972 मध्ये बॅलीहेल, नॉकटॉफर आणि नॉकमॉयलन असे तीन क्लब एकत्र आले. आज ऑल-आयर्लंड क्लब विजेतेपदं नऊ, आणि हा विक्रम आहे.

नदीकाठ

सहमत नाही. बॅलीहेलचं उदाहरण सगळेच देतात आणि अर्धवट देतात. ती तिन्ही ठिकाणं एकाच पॅरिशमधली होती. तिथे वेगळेपण मोडलं नाही, फुटलेलं घर सांधलं. दोन वेगवेगळ्या पॅरिशांचं विलीनीकरण म्हणजे निराळंच प्रकरण.

तुमच्याच पद्धतीने हिशेब पुढे नेतो. एका क्लबाकडे 17, दुसऱ्याकडे 18. दोन्ही ज्युनियर गटात (हे गट वयाचे नव्हेत, दर्जाचे: सीनियर, इंटरमीडिएट, मग ज्युनियर) धडपडतायत. एकत्र आले, 35 झाले. पहिल्या संघात पंधरा, बदली पाच. उरलेल्या पंधरांचा दुसरा संघ. पहिल्या वर्षी तो कसाबसा उतरतो. पण पहिल्या संघातले तीन जखमी झाले की भरती दुसऱ्यातूनच होणार, आणि चॅम्पियनशिपच्या नियमांनुसार वर खेळलेला परत खाली आणणं सोपं नसतं. म्हणजे दुसरा संघ बारावर. दोन वर्षांत तो बंद. काल 35 जण रविवारी मैदानावर होते, आज वीस. बाकीचे पंधरा कुठे गेले? ते काही हर्लिंगमधले हिरे नव्हेत. 29 वर्षांचा, जरा जाड झालेला कॉर्नर-बॅक. पण गावच्या क्लबात त्याच्यावाचून अडत होतं म्हणून तो यायचा. अडेनासं झालं की येत नाही. आणि तो आला नाही की पाच वर्षांनी त्याचा मुलगाही येत नाही.

दुसरं, क्लबांच्या संख्येवरून वर काय ठरू शकतं तेही बघा. 2023 मध्ये राष्ट्रीय हर्लिंग लीगमधून पाच काउंटी वगळायचा प्रस्ताव आला होता: कॅव्हन, फर्मॅना, लीट्रिम, लाँगफर्ड, लाउथ. कारण काय? तिथे प्रौढ हर्लिंगचे क्लब मोजकेच. ओरड झाली, प्रस्ताव बारगळला. पण अशा काउंटीत तुम्ही दोनाचा एक केलात तर कोणाच्या हाती कोलीत देताय, विचार करा.

काठावरून_हिशेब

तत्त्वाची भांडणं चालू द्या. विलीनीकरण प्रत्यक्षात कुठे फसतं ते लिहितो, कारण दोन्ही बाजू तिकडे बघत नाहीत.

पहिली चूक म्हणजे सुरुवात वरून करणं. प्रौढ संघ आधी जोडतात आणि मुलांचे नंतर बघू म्हणतात. उलटं हवं. 12 वर्षांखालच्यांचे गो गेम्स कमी खेळाडूंचे असतात, तिथे निकालाला महत्त्व नाही; छोटा क्लबही आपला संघ उतरवू शकतो आणि त्याने तो उतरवावाच, कारण सहा वर्षांच्या पोराला पलीकडच्या गावी नेऊन आणायला आईबापांकडे वेळ नसतो. 14 पासून मैदान मोठं होतं, संघ भरत नाही, तिथून संयुक्त संघ करावा. म्हणजे पोरं 18 ची होईस्तोवर एकमेकांना ओळखतात. सरळ प्रौढ संघ जोडलात तर गेल्या वर्षीपर्यंत एकमेकांच्या नडग्या फोडणारे एका ड्रेसिंग रूममध्ये बसतात आणि दोन कोपरे धरून बसतात.

दुसरी चूक: निवड समितीत कोटा. तीन तुमचे, दोन आमचे. मग संघही तसाच निवडला जातो आणि आठव्या-नवव्या जागेवर चांगला पोरगा बाहेर राहतो. प्रशिक्षक तिसऱ्या गावचा आणा.

तिसरी बाब गटाची. एक क्लब इंटरमीडिएट, दुसरा ज्युनियर. नवा क्लब कुठून सुरू करणार? आपल्या काउंटीचा उपनियम काय म्हणतो ते मतदानाआधी लेखी घ्या. वरच्या गटात टाकलं तर पहिल्याच वर्षी तीन गटसामने हरून रेलिगेशन प्लेऑफ (खालच्या गटात कोण जाणार ते ठरवणारा सामना), आणि "बघा, आम्ही सांगत होतो" म्हणणारे तयारच असतात.

चौथी, मैदानं. मालमत्ता विश्वस्तांच्या नावावर असते आणि बहुधा तिच्यावर कर्ज असतं. एकाने फ्लडलाइट घातलेले, दुसऱ्याने चेंडू मारायची भिंत बांधलेली. कर्जं लगेच एकत्र करू नका. कोणाची किती ती यादी दोन्ही सर्वसाधारण सभांपुढे ठेवा, मतदान वेगवेगळं घ्या, आणि सगळं हिवाळ्यात उरका, वेळापत्रकाची सोडत निघण्याआधी. दोन्ही मैदानं ठेवायची तर दोन्हींचं गवत कापावं लागतं. हर्लिंगला ते आखूड लागतं. वाढलेल्या गवतात स्लिटर मरतो आणि खेळ रगडारगडीचा होतो. मुलांचे सामने एकीकडे, प्रौढांचे दुसरीकडे अशी वाटणी चालते. एक मैदान बंद केलं तर त्या गावचे लोटोचे, म्हणजे क्लबच्या लॉटरीचे, आठवड्याचे पैसेही बंद होतात, हे खजिनदारच्या लक्षात सहा महिन्यांनी येतं.

नावाचं आणि रंगाचं सर्वात जास्त बोलतात, पण ते त्या मानाने सोपं. रंग तिसराच घ्या. नाव जोडनाव करा किंवा एखाद्या संताचं ठेवा. बॅनहर आणि क्लॉहन मिळून ऑफलीत सेंट रायनाज झाला तसं.

मिरजकर_डब्लिन

आपल्याकडच्या कबड्डी मंडळांचं बरं आहे. मैदानात सात, यादीत बारा. एका गल्लीतून संघ निघतो. इथे पंधरांचा आग्रह का? तेरा किंवा अकरा जणांची चॅम्पियनशिप करा, विलीन व्हायची वेळच येणार नाही. खालच्या गटांत काही ठिकाणी असं खेळतातही.

वेशीवरचा

मैदान तेवढंच ठेवून माणसं कमी केली तर खेळ बदलतो. तेरा म्हणजे साधारण फुल-बॅक आणि फुल-फॉरवर्ड या जागा गाळतात. गोलपुढे मोकळी जागा होते, पळणाऱ्यांचं फावतं, आणि दोघांच्या अंगाअंगातून चेंडू जिंकणारा आडदांड खेळाडू निकामी ठरतो. तोच पोरगा पुढे पंधरांच्या सामन्यात गेला की गोंधळतो. तळाच्या गटाला तात्पुरती सोय म्हणून ठीक.

नदीकाठ, तुमचा 35 चा हिशेब पटला, पण तुम्ही तो पुढे नेला नाहीत. विलीन न होता ते 17 आणि 18 पाच वर्षांनी किती असतील? 12 आणि 13. मग दोन्ही वॉकओव्हर देतील. म्हणजे तुमचा तो 29 वर्षांचा कॉर्नर-बॅक तसाही घरीच बसणार.

नदीकाठ

असतीलच असं कशावरून? डेरी काउंटीतला स्लॉटनील क्लब घ्या. शहर नाही, धड गाव म्हणावं अशी वस्तीही विरळ. 2016 मध्ये हर्लिंग, गेलिक फुटबॉल आणि कॅमोगी (मुलींचं हर्लिंग) या तिन्हींत अल्स्टर प्रांताचं क्लब विजेतेपद त्यांच्याकडे. बरेचसे पोरगे दोन्ही खेळ खेळणारे. कोणाशी विलीन झाले नाहीत.

वेशीवरचा

स्लॉटनीलवर धोरण आखणं म्हणजे गावातला एक पोरगा कलेक्टर झाला म्हणून शाळेची गळती नाही म्हणण्यासारखं. शिवाय एकच पोरगा दोन खेळ खेळतो तेव्हा एका आठवड्याआड हर्लिंग, एका आठवड्याआड फुटबॉल. एक मांडी धरली की दोन्ही संघ लंगडे.

बंदरावरची

विलीन व्हा किंवा मरा असं दोघेही बोलताय. कॉर्क काउंटीत मधली वाट कधीपासूनची आहे: विभागीय संघ. इमोकिली, अ‍ॅव्हनडू, डुहॅलो, मस्करी, कार्बरी. खालच्या गटांत खेळणाऱ्या क्लबांमधले चांगले खेळाडू निवडून सीनियर चॅम्पियनशिपला एक संघ उतरतो. खेळाडू आपल्या गावच्या क्लबातच राहतो, त्याच्याकडून ज्युनियर किंवा इंटरमीडिएट खेळतो, आणि कुवत असेल तर इमोकिलीकडून सीनियर. नाव, रंग, मैदान, कर्ज, काहीच हलवावं लागत नाही. इमोकिलीने 2017, 2018 आणि 2019 अशी सलग तीन वर्षं कॉर्क जिंकलं.

काठावरून_हिशेब

जिंकून गेले कुठे? विभागीय संघाला मन्स्टर प्रांताच्या क्लब चॅम्पियनशिपमध्ये प्रवेश नाही. 2024 चं बघा. कॉर्कची अंतिम लढत इमोकिलीने जिंकली, हरलेला सार्सफील्ड्स मन्स्टरला गेला, तिथे बॅलीगनरला हरवून विजेता झाला आणि जानेवारी 2025 मध्ये ऑल-आयर्लंडच्या अंतिम सामन्यात ना फियानाकडून हरला. काउंटीत हरलेला क्लब क्रोक पार्कवर (डब्लिनच्या राष्ट्रीय मैदानावर) आणि जिंकलेला घरी.

आणि विभागीय संघ चांगल्या पोराची सोय करतो, क्लबाची नाही. क्लबाकडे मंगळवारी येणारे नऊच राहतात. उलट त्यातले दोन विभागीय सरावाला गेलेले असतात.

बंदरावरची

क्लबाला त्याने माणसं मिळत नाहीत हे मान्य. पण गावात "सीनियर खेळायचं तर इथून निघून जा" असं कोणी म्हणत नाही. चांगला पोरगा बदलीचा अर्ज टाकत नाही, हेच त्याचं काम. मन्स्टरबद्दल म्हणाल तर इमोकिलीच्या पोरांना ते पहिल्या दिवसापासून माहीत असतं.

लीशचा_वाटसरू

लीश काउंटीचा उल्लेख अजून कोणी कसा केला नाही? सीनियरची यादी वाचली तर जोडनावंच दिसतात: क्लॉख-बॅलाकोला, रॅथडाउनी-एरिल, बॉरिस-किलकॉटन. आणि ही नावं तळाशी नाहीत, विजेत्यांच्या यादीत आहेत. बॉरिस-किलकॉटनने 2016 ला काउंटी जिंकली. शेजारी ऑफलीत किलकॉर्मक-किलॉही 2013 ला ऑल-आयर्लंड क्लबच्या अंतिम सामन्यात. तेव्हा जोडनावाने अस्मिता मरते हे काही खरं नाही. घोषणा द्यायला जरा लांब पडतं, एवढंच.

नदीकाठ

चषक मोजून सगळं ठरत असतं तर वाद कशाला. मी विचारतोय की त्या काउंटीत रविवारी हर्ली हातात घेणारी माणसं वाढली की घटली, आणि त्यात कॅमोगीच्या मुली धरल्यात का? 2027 पर्यंत जीएए (हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल चालवणारी संघटना), लेडीज फुटबॉल आणि कॅमोगी या संघटना एकत्र यायच्या आहेत. पुष्कळ ठिकाणी मुलींचे क्लब आधीपासूनच दोन-तीन पॅरिशांचे मिळून असतात, आणि त्यांच्या हद्दी मुलग्यांच्या हद्दींशी जुळतातच असं नाही. आज एका बाजूच्या शेजाऱ्याशी सोयरीक केलीत आणि बहिणी दुसऱ्या बाजूच्या शेजाऱ्याकडे खेळत असल्या, तर उद्या एका घरात दोन क्लब. सभेत हे कोणी विचारतं का?

मूळ दुखणं तर निराळंच. गावात घर बांधायला परवानगी मिळत नाही, म्हणून जोडपी दूरच्या शहरात राहतात. तिथे डब्लिनचा एकेक क्लब हजारोंनी सदस्य बाळगून आहे आणि एकाच वयोगटाचे चार-चार संघ उतरवतो. तिकडचा दुसरा-तिसरा संघ तोडून नवा क्लब करा म्हणून कोणी आग्रह धरत नाही. सगळं शहाणपण गावालाच.

वेशीवरचा

शेवटचं वाक्य शंभर टक्के मान्य. जार्लथ बर्न्स जीएएचे अध्यक्ष असताना लोकसंख्येसाठी राष्ट्रीय समिती नेमली गेली ती याच दुखण्यावर. पण घराची परवानगी क्लबाच्या हातात नाही, पंधरा जण कसे भरायचे ते आहे.

मुलींच्या हद्दीचा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता. तो विलीनीकरणाच्या ठरावात पहिल्या पानावर हवा. आणि काठावरून_हिशेब म्हणतात तसं 14 पासून सुरू करून प्रौढांपर्यंत यावं, हेही घेतो. फक्त एक भर: ठरावात परतीची वाट ठेवा. तीन वर्षांनी दोन्ही गावांनी वेगवेगळं मतदान करावं, नको असेल तर मोकळं व्हावं.

नदीकाठ

तीन नाही, चार. 14 चा पोरगा 18 चा व्हायला चार लागतात. त्याआधी मत घेतलंत तर अर्धवट शिजलेल्या भाताची चव बघून पातेलं उतरवल्यासारखं होईल. तेवढं मान्य असेल तर 14 च्या गटापुरता माझा विरोध नाही. प्रौढांना आहेच.

काठावरून_हिशेब

चार वर्षं ठेवा. पण त्या चार वर्षांत दुसऱ्या मैदानाचं गवत कोण कापणार ते नावानिशी लिहून घ्या. नाहीतर परतायचं ठरलं तरी परतायला मैदान नसेल.