श्रेय दिलं तरी गाणं हटवलं जातं, कारण…

‘गायकाचं नाव दिलंय, एक पैसा कमवत नाही, मग माझा एएमव्ही (अ‍ॅनिमे म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशनमधली दृश्यं गाण्यावर बसवून केलेला व्हिडिओ) कोण कशाला काढेल?’ या प्रश्नाचं उत्तर २००५ मध्येच मिळालंय. त्या नोव्हेंबरात विंड-अप रेकॉर्ड्सने एएमव्हींच्या सगळ्यात मोठ्या संकेतस्थळाला इव्हानेसन्स, क्रीड आणि सीदर या रॉक बँडची गाणी असलेले व्हिडिओ काढायला सांगितलं. तक्रार संगीत कंपनीची होती, अ‍ॅनिमे स्टुडिओची नाही. आजही बहुतेक वेळा गाणंच नडतं, कारण यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा आवाज चटकन ओळखते.

मग यूट्यूब सुचवतं, गाणं बदला. हे मला अजिबात पटत नाही. ड्रमच्या ठोक्यावर तलवार पडेल असा कट लावायला रात्र जाते; गाणं बदललं की तलवार एकीकडे, ठोका भलतीकडे. पिच चढवून यंत्रणेला चकवणंही नको, त्यात गायकाच्या आवाजाची पार वाट लागते.

त्यापेक्षा सुरुवातीलाच क्रिएटिव्ह कॉमन्सचं, म्हणजे ठरावीक अटींवर वापरायची परवानगी निर्मात्यानेच आधी दिलेलं संगीत शोधा. फक्त परवान्यात ‘एनडी’ (नो डेरिव्हेटिव्ह्ज, म्हणजे रूपांतर नको) आहे का ते आधी बघा. गाणं चित्राशी जुळवणं म्हणजे त्या परवान्यांच्या लेखी नवी रूपांतरित कृती, आणि एनडी असेल तर ती प्रसिद्ध करता येत नाही. ‘एनसी’ म्हणजे व्यावसायिक वापर नको, एवढंच. छोट्या स्वतंत्र बँडना थेट मेल टाकूनही बघा. गाण्याचे आणि रेकॉर्डिंगचे, दोन्ही हक्क त्यांच्याकडेच असले तर एका होकारात गाण्यापुरतं काम होतं. तो होकार मात्र लेखी घ्या.